गार तपासणी

नवा सुटा भाग स्वच्छ असतो, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुतः शस्त्राचा कोणताही भाग कारखान्यातून जितका माखलेला येतो, तितका तो पुढे आयुष्यभर माखत नाही. तपकिरी मेणकागद उलगडला की आत मधासारखे घट्ट, किंचित हिरवट ग्रीस असते. गंजापासून रक्षण व्हावे म्हणून ते प्रत्येक खाचेत, प्रत्येक छिद्रात भरलेले असते. ते काढल्याशिवाय भाग वापरायचा नाही आणि काढले आहे याची खात्री पटल्याशिवाय त्याच्या तपासणी-कार्डावर सही करायची नाही. एकतीस वर्षे मी एवढेच काम केले.

आमची कार्यशाळा शस्त्रे तयार करीत नसे. पहारेकऱ्यांच्या जुन्या रायफलींसाठी नवे भाग खोक्यांतून येत. आम्ही ते धुऊन, तपासून जोडायचे आणि पाच गोळ्यांची चाचणी झाली की भांडारात पाठवायचे. माझ्या टेबलावर मुख्यतः बोल्ट येत. बोल्ट म्हणजे रायफलीच्या पोटात पुढे-मागे सरकणारा पोलादी ठोकळा. काडतूस नळीत ढकलायचे आणि दार लावल्याप्रमाणे मागून घट्ट धरून ठेवायचे, हे त्याचे काम. त्याच्या आत एक अरुंद बोगदा असतो आणि त्या बोगद्यात बोटभर लांबीची पिन. चाप ओढला की हातोडी पिनेवर आदळते, पिन काडतुसावर, आणि गोळी सुटते. आमच्याकडील बनावटीत या पिनेला मागे खेचणारी स्प्रिंग नव्हती. ती बोगद्यात मोकळी असे, आणि मोकळी असणे हीच तिची प्रकृती. म्हणून बोल्ट कानाशी धरून हलवला की आतून टिक्-टिक् असा बारीक आवाज यावा लागे. तो आला की आम्ही म्हणत असू, बोल्ट बोलला. बोगद्यात ग्रीस राहिले असेल तर बोल्ट मुका राहतो. अशी पिन पुढे चिकटून बसली तर चापाला कोणी हात न लावताच, दार पुरते लागण्यापूर्वीच काडतूस फुटते.

बोल्ट असे कानाशी धरून हलवीत असल्यामुळे कार्यशाळेत मला डॉक्टर म्हणत.

धुण्याची रीत ठरलेली होती. आधी फडक्याने वरचे ग्रीस पुसायचे, मग पिन काढून दोन्ही भाग गरम द्रावणात बुडवायचे, बोगद्यातून तारेचा ब्रश तीनदा फिरवायचा, पांढरी चिंधी घालून ती पांढरीच बाहेर येते का पाहायचे, आणि पिन परत बसवून बोल्ट बोलतो का ऐकायचे. छापील पुस्तिका इथे संपत असे. माझी तपासणी मात्र इथे संपत नसे. तंत्रनिकेतनात आम्हांला धातुशास्त्र शिकवणारे सर म्हणत, तापलेल्या धातूची साक्ष घेऊ नये. गरम द्रावणातून नुकत्याच निघालेल्या बोल्टात ग्रीसचा थर उरला असला तरी तो पातळ झालेला असतो. पिन त्यातून सहज सरकते आणि बोल्ट खुशाल खोटे बोलतो. म्हणून मी धुतलेले बोल्ट रात्रभर खिडकीजवळच्या दगडी ओट्यावर मांडून ठेवीत असे आणि सकाळी हीटर लावण्यापूर्वी, ते हाताला बोचण्याइतके गार असताना, प्रत्येक बोल्ट पुन्हा कानाशी धरीत असे. या तपासणीसाठी मी कार्डावर पट्टीने आखून एक जादा, सहावा रकाना केला होता. त्याच्या माथ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेले असे : गार तपासणी.

ही तपासणी का करायची, हे मी कोणालाही सांगितले नव्हते. कोणी विचारले तर मी म्हणत असे, रीत आहे. ज्याला आपले कारण ठाऊक असते त्याला ते सांगत बसण्याचा कंटाळा येतो, आणि पुढे पुढे त्या कंटाळ्याचा थोडा तोरा होतो. माझा झाला होता.

चाचणीची जागा कार्यशाळेच्या मागे होती : पत्र्याची शेड, समोर मातीचा उंच बांध, वाळूच्या पिशव्या. तिथे गोळ्या झाडून पाहणारा माणूस माझा साडू. माझी पत्नी थोरली बहीण, त्याची पत्नी धाकटी. त्याला तिथे मीच चिकटवले, असे लोक म्हणत. खरे पाहता तो माझ्याआधी वर्षभर तिथे होता आणि माझे लग्न त्याच्या ओळखीतून जमले होते. थोरल्या मुलीसाठी स्थळ शोधा म्हणून सासऱ्यांनी त्याला सांगितले तेव्हा त्याने म्हणे उत्तर दिले होते की, एक आहे, बोलत नाही फारसा, पण हलवून पाहिला तर आत काहीतरी वाजते.

त्याचे कार्यशाळेतील नाव होते बोटबाहेर. नव्या माणसाला तो रायफल हातात देई आणि दिवसभर एकच वाक्य म्हणे : बोट बाहेर. लक्ष्यावर नजर बसेपर्यंत तर्जनी चापाच्या कड्याबाहेर, लाकडाला लागून, सरळ. ही शिस्त त्याच्या इतकी अंगात मुरली होती की चहाचा कप, छत्री, कुलपाची किल्ली, काहीही धरताना त्याची तर्जनी सरळ बाहेर राही. जेवताना पाण्याचा पेलासुद्धा तो चार बोटांत धरीत असे. मेहुणी म्हणे, ‘‘लग्नात माझा हात धरला तेव्हाही एक बोट बाहेरच होतं. बाकीच्यांना वाटलं, पळायचा विचार आहे.’’

सकाळच्या थंडीत मी हीटर न लावता काम करतो, याची त्याला मोठी गंमत वाटे. शेडकडे जाताना तो खिडकीशी थांबून विचारी, ‘‘काय साडूभाऊ, आजही सरकारची वीज वाचवताय? पेशंट गारठून मरायचे.’’ मी हसत असे. कारण सांगायला अर्धे मिनिट लागले असते. इतक्या वर्षांत ते अर्धे मिनिट मला सापडले नाही.

त्या वर्षी माझ्या बोटांचे सांधे सुजू लागले होते. सकाळी गुंडी लावताना पत्नीची मदत लागे. निवृत्तीला चौदा महिने उरले होते, तेवढे निभेल अशा हिशेबाने मी गप्प होतो. पण पत्नीने ही गोष्ट बहिणीच्या कानावर घातली आणि बहिणीने नवऱ्याच्या. पुढे काय झाले ते मला एके सकाळी आठ वाजता कार्यशाळेतल्या माझ्या खोलीचे दार उघडल्यावर कळले.

खोली उबदार होती. कोपऱ्यातला हीटर लाल झाला होता आणि टेबलावर एक चिठ्ठी होती. तिच्यात लिहिले होते : साडेसहाला लावला आहे. आता तरी बोटे शेकून घ्या. घरून हुकूम आहे. खाली सहीऐवजी एका सरळ बोटाचे चित्र होते.

ओट्यावर आदल्या दिवशी धुतलेले चाळीस बोल्ट चार रांगांत मांडलेले होते. ओटा हीटरपासून दोन हातांवर. मी पहिल्या बोल्टावर तळवा ठेवला. तो गार नव्हता. गरमही म्हणता आला नसता. शर्टाच्या खिशात घडीभर ठेवलेल्या किल्लीसारखा होता. मला नेमके काय करायला हवे ते नेमके ठाऊक होते. हीटर बंद करायचा, खिडकी उघडायची आणि चाळीसही बोल्ट दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच ठेवायचे. भांडारप्रमुखांनी घाई केलेली नव्हती, वरून कोणाचा फोन आलेला नव्हता. कोणावर तरी ढकलता येईल असे कारण मी नंतर पुष्कळ शोधले, एकही मिळाले नाही. खोलीत ऊब होती, इतकेच. माझी बोटे कित्येक दिवसांनी पहाटेच्या ठणक्यातून सुटली होती. मी बोल्ट उचलून कानाशी धरला. तो बोलला. दुसरा बोलला. चाळीसही बोलले. मी प्रत्येक कार्डावर सहाव्या रकान्यात ‘ठीक’ असे लिहिले आणि खाली सही केली. अक्षर त्या दिवशी फार सुरेख आले होते.

दहा वाजता पहिल्या जोडणीच्या रायफली शेडमध्ये गेल्या. बाहेर वारा होता आणि शेडच्या पत्र्यावरचे दव अजून वाळलेले नव्हते. तिथे तासाभरात पोलाद पुन्हा गार झाले असणार आणि पोलादाच्या आत जे होते तेही.

अकराच्या सुमारास आवाज आला. चाचणीचा आवाज आम्हांला ओळखीचा होता, तो छातीत बसतो. हा आवाज फुटका होता, पत्र्यावर दगड पडावा तसा. मी धावत गेलो तेव्हा साडू वाळूच्या पिशवीला टेकून बसला होता. संरक्षक चष्मा डोळ्यांवर होता, काचाही शाबूत होत्या. पण धातूचा एक कण गाल आणि चष्म्याची कड यांच्या मधून खालून वर गेला होता. उजव्या डोळ्यावर त्याने तळहात दाबून धरला होता. मला पाहून तो म्हणाला, ‘‘मी चापाला हात लावला नाही. नुसता बोल्ट सोडला.’’ रुग्णालयाच्या गाडीत बसेपर्यंत तो हे तीनदा म्हणाला. त्यानंतर त्या सुरात ते वाक्य त्याने पुन्हा कधी उच्चारले नाही.

डोळा वाचला नाही.

त्याच संध्याकाळी मी उरलेले एकोणचाळीस बोल्ट परत मागवून घेतले, खिडकीबाहेरच्या सिमेंटच्या कट्ट्यावर मांडले आणि जाळीचे झाकण घालून कुलूप लावले. सकाळी हीटर न लावता एकेक कानाशी धरला. पस्तीस बोलले. चार मुके होते. ते चार मी उघडले. बोगद्याच्या पुढच्या टोकाला, जिथे तो अरुंद होतो, नखभर ग्रीस खरवडून निघाले. ब्रशाच्या तारा झिजल्या होत्या, त्या तिथवर पोचत नव्हत्या आणि चिंधीही. मी नवा ब्रश काढला, सगळे एकोणचाळीस पुन्हा धुतले, पुन्हा रात्रभर ठेवले, पुन्हा ऐकले आणि मगच पुढे जाऊ दिले. म्हणजे पुढे कोणाला धोका राहिला नाही. परंतु कामाच्या नोंदवहीत मी यातले काहीही लिहिले नाही. साडू जरा सावरू दे, घरी येऊ दे, मग सांगू असे ठरवले. चांगल्या माणसांची बहुतेक पापे ‘मग’ या शब्दाच्या आडोशाला होतात. आणि मी स्वतःला चांगला माणूस समजत होतो.

चौकशी समितीत तीन जण होते. फुटलेल्या रायफलीचा बोल्ट त्यांनी लाखेचे शिक्के मारलेल्या पाकिटातून काढला आणि टेबलावर ठेवला. स्फोटाच्या वेळी जळता वायू त्याच्या बोगद्यातून आरपार गेला होता. आत जे काही होते ते वितळून उडून गेले असणार. शिवाय खोलीत हीटर होता आणि बोल्टाशेजारी चहाची किटली. तज्ज्ञ गृहस्थांनी बोल्ट कानाशी धरून हलवला आणि तो तिघांनाही ऐकू जाईल इतका स्पष्ट बोलला. मग त्यांनी मला कार्ड दाखवले आणि विचारले, ही सही तुमची आहे का. मी होय म्हणालो. हा सहावा रकाना पुस्तिकेत नाही, हे पाहून त्यांनी माझ्या दक्षतेचे कौतुक केले. मला दुसरा प्रश्न विचारण्यात आला नाही. मी खोलीबाहेर आलो तेव्हा माझ्या लक्षात आले की त्यांनी तापलेल्या धातूची साक्ष घेतली होती. आणि माझी.

निष्कर्ष असा निघाला : पिन मोकळी होती, तपासणी दुहेरी झालेली होती, सबब बोल्ट पूर्ण बसण्यापूर्वी चाप ओढला गेला असला पाहिजे. कारण, चाचणीकाराचा हलगर्जीपणा. त्याला चाचणीच्या कामावरून कायमचे कमी करून सेवापुस्तकात तशी नोंद व्हावी. निष्कर्ष मान्य नसेल तर तीस दिवसांत त्याच्या सहीने आक्षेप नोंदवावा. मान्य असेल तर सोबतच्या पत्रावर सही करावी आणि कार्यशाळेतील एका सहकाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घ्यावी.

लोक पाठीमागे काय म्हणत ते सांगण्याची गरज नाही. बोटबाहेरचे बोट आत गेले, हा विनोद जुळवायला कोणाला फारशी बुद्धी लागली नसावी.

मी दर दोन दिवसांनी त्याच्याकडे जात होतो आणि दर वेळी न सांगता परत येत होतो. ताकाला जाऊन भांडे लपवणे म्हणतात ते हेच. पहिल्या आठवड्यात तो चिडलेला होता. म्हणे, मी लिहितो आक्षेप, इतकी वर्षे काय झक मारली का. दुसऱ्या आठवड्यात त्याचा आवाज उतरला. तिसऱ्या आठवड्यात मी गेलो तेव्हा मेहुणीने मला दारातच थांबवले आणि हळूच सांगितले की भाऊजी, हे हल्ली दिवसभर तेच करत बसतात, तुम्ही जरा समजवा. आत पाहिले तर साडू खुर्चीवर बसून हातातली छत्री रायफलीसारखी धरून होता. डाव्या हाताने तो काल्पनिक बोल्ट मागे खेची, सोडून देई, आणि मग उजव्या हाताकडे पाही. तर्जनी कुठे आहे ते पाही. पुन्हा खेची, पुन्हा सोडी. मला पाहून ओशाळला.

‘‘शंभरदा करून बघितलं,’’ तो म्हणाला. ‘‘नव्याण्णव वेळा बाहेरच असतं. पण एकदा आत गेलं साडूभाऊ. मघाशी. माझ्या डोळ्यांदेखत.’’ आणि थोडे थांबून, ‘‘डोळ्यादेखत.’’

त्या दिवशी मला कळून चुकले की आणखी थोडे दिवस गेले तर तो स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच तयार करील. एका माणसाचा डोळा गेला होता. आता त्याचा हातही जात होता, आणि तो मी जाऊ देत होतो.

मी कार्यालयात जाऊन मुख्य लिपिकांना विचारले की अशा प्रकरणी दुसऱ्या कोणी आपणहून निवेदन दिले तर. ते म्हणाले, ज्याच्यावर ठपका त्याचाच आक्षेप धरला जातो. त्रयस्थाचे पत्र फायलीला लागते आणि फाइल कपाटाला. त्याच्या आक्षेपासोबत मात्र जोडपत्र म्हणून चालेल. मग मी जोडपत्र लिहिले. चार दिवस लिहीत होतो. गार तपासणी म्हणजे काय, ती का करतात, चार बोल्टांत काय सापडले, ब्रश कसा झिजला होता, हे सर्व क्रमाने मांडले आणि शेवटी लिहिले की दिनांक अमुक रोजी तपासणीच्या वेळी बोल्ट पुरेसे गार नव्हते हे ठाऊक असूनही मी कार्डावर सही केली, सबब संपूर्ण जबाबदारी माझी आहे. हीटरचा उल्लेख केला नाही. ती चिठ्ठी मी पाकिटात घालून कपड्यांच्या कपाटात, सगळ्यांत खालच्या घडीखाली ठेवली होती. नोकरी जाईल, हे मी गृहीत धरले होते. खरे सांगायचे तर त्या विचाराने जरा हलकेही वाटले होते.

तिसाव्या दिवशी दुपारी दोन वाजता मी त्याच्या घरी गेलो. कार्यालय पाच वाजता बंद होणार होते. त्याला वाचायला त्रास होई, म्हणून मी म्हटले की एक कागद आहे, वाचून दाखवतो, आणि शेवटपर्यंत मधे बोलू नका. मेहुणी मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. मी वाचले. माझा आवाज स्थिर राहिला याचे मला आजही आश्चर्य वाटते.

 वाचून झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर असे काही पसरले की मला वाटले, झाले, सुटलो. महिनाभरात मी त्याचे खांदे असे खाली आलेले पाहिले नव्हते.

‘‘म्हणजे बोट बाहेर होतं,’’ तो म्हणाला.

‘‘बाहेर होतं.’’

‘‘मी म्हणत होतो.’’

‘‘तुम्ही बरोबर म्हणत होता. इथे आक्षेपाखाली सही करा, मी आत्ता जाऊन देतो.’’

त्याने पेन घेतले. झाकण काढले. मग उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिले; रागाने नव्हे, एखादा भाग खाचेत बसत नसला की आपण जसे पाहतो तसे.

‘‘पण एक सांगा. बोल्ट रात्रभर दगडावर असतात ना?’’

‘‘हो.’’

‘‘एवढ्या थंडीत? मग सकाळी गार कसे नव्हते?’’

याचे उत्तर मी चार दिवसांत तयार केले नव्हते. मी त्याला ओळखून होतो आणि तरीही हा प्रश्न येईल हे मला सुचले नव्हते. जन्मभर दुसऱ्याच्या कामातली फट शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या कागदातली दिसली नाही. मी म्हणालो की विसरलो असेन, उशिरा मांडले असतील. तो म्हणाला, तुम्ही आणि विसरलात.   मागच्या दारी मेहुणी ओला कपडा झटकीत होती, त्याचा आवाज येत होता, एक, मग दुसरा, मग तिसरा.

‘‘हीटर,’’ तो म्हणाला.

मी मान हलवली नाही, पण मी नाही असेही म्हणालो नाही. त्याने पेनाचे झाकण परत लावले.

‘‘ते वीज वाचवणं नव्हतं तर.’’

‘‘मी सांगायला हवं होतं. कधीच सांगितलं नाही. चूक तिथे आहे. आणि गार नाही हे कळूनसुद्धा सही मी केली. तुम्ही फक्त—’’

‘‘मी फक्त तुमची बोटं शेकावीत म्हणून लावला.’’

तो हसला. त्या हसण्याचे वर्णन मला करता येणार नाही आणि करायचेही नाही. त्यानंतर तो जे बोलला ते सावकाश बोलला, जणू एकेक शब्द उजेडाकडे धरून पाहत होता. म्हणाला की साडूभाऊ, त्या दिवशी लवकर जा असं हिनं सांगितलं. मी कंटाळा करत होतो, हिनं गजर लावला. हिला ताईंनी सांगितलं होतं, तुमच्या बोटांचं. आता हा कागद गेला की कोणीतरी मी विचारलं तेच विचारणार. मग तुम्ही काय सांगाल? आणि हिला हे कळलं, तर रोज सकाळी तो गजर वाजेल. ताईंच्या घरी पण वाजेल.

‘‘पण तुमच्यावरचा डाग—’’

‘‘बोट आत गेलं म्हटलं, तर बोट चुकलं. होतं माणसाचं. हे खरं म्हटलं, तर आपण चौघांनी एकमेकांसाठी जे केलं ते चुकलं. मग माझ्याजवळ राहिलं काय?’’

मी वाद घातला. एरवी मी वाद घालीत नाही. सत्य, नोंद, त्याची इतक्या वर्षांची शिस्त, शेडमध्ये त्याच्या नावाने चाललेले विनोद, सगळे बोललो. पालथ्या घड्यावर पाणी. त्याने टेबलाच्या खणातून समितीचे दुसरे पत्र काढले, निष्कर्ष मान्य असल्याचे, आणि माझ्यासमोर ठेवले. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटे झाली होती.

‘‘साक्षीदार लागतो,’’ तो म्हणाला. ‘‘कार्यशाळेतला. दुसऱ्या कोणाला बोलावत नाही मी.’’

‘‘मला हे जमायचं नाही.’’

‘‘एकदा जमलंय.’’

तो हे टोचून बोलला नाही. आवाजात कडवटपणा असता तर मी उठून जाऊ शकलो असतो, थेट कार्यालयात, आणि माझे जोडपत्र त्यांच्या टेबलावर टाकले असते, फायलीला लागो की कपाटाला. पण तो नुसते एक मोजमाप सांगावे तसे बोलला. आणि मोजमाप बरोबर होते.

तेवढ्यात मेहुणी हात पुसत आत आली. तिने टेबलावरचे कागद पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि कशाबद्दल चालले आहे ते आपल्या परीने समजून घेतले. तिला वाटले असावे की आज शेवटचा दिवस म्हणून मी धीर द्यायला आलो आहे. खोली तशी गारच होती. माझे हात मी मांडीखाली दडपून बसलो होतो ते तिच्या नजरेतून सुटले नाही.

‘‘भाऊजी, शेगडी लावू का? बोटं आखडली असतील तुमची.’’

‘‘नको,’’ साडू म्हणाला. ‘‘त्यांना गारच ठीक आहे.’’

ती चहा ठेवते म्हणून आत गेली. त्याने पत्र पुढे ओढले. निष्कर्ष क्रमांक तीनवर त्याचा डोळा थोडा थांबला. तिथे लिहिले होते की गोळी सुटली त्या वेळी चाचणीकाराची तर्जनी चापावर होती. मग त्याने सही केली. पेन त्याने चार बोटांत धरले होते. तर्जनी पेनाच्या पाठीवर, सरळ, बाहेर.

माझी पाळी आली तेव्हा मी मांडीखालचे हात काढले. सांधे इतके धरले होते की पेनाभोवती बोटे मिटायला वेळ लागला. साक्षीदार, असे छापलेले होते. त्यापुढे टिंबांची रेघ. मी त्या रेघेवर माझे पूर्ण नाव लिहिले, हुद्दा लिहिला, दिनांक घातला, आणि खाली सही केली. या वेळी अक्षर सुरेख आले नाही, पण वाचता येत होते.